शंका घेऊन जगता येतं का? ह्यूम, शंकराचार्य आणि आपल्या ज्ञानाचा उपजत पाया

पाव खाल्ला की पोषण होतं, हे आपल्याला कशावरून ठाऊक? डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ साली हा प्रश्न विचारला, आणि सर्वांना पटेल असं त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. प्रश्न इतका साधा दिसतो की आपण लगेच म्हणतो, "अहो, आजवर खात आलोय की!" बरोबर. पण ह्यूम आजवरचं विचारत नाही. पावाचा रंग डोळ्यांना दिसतो, वास नाकाला येतो, मऊपणा बोटांना कळतो. पोषण करण्याची त्याची शक्ती मात्र कोणत्याच इंद्रियाला दिसत नाही. अनुभव एवढंच सांगतो, की अशा रंगरूपाच्या वस्तूने काल, परवा, गेल्या वर्षी पोषण केलं. त्यावर आपण जोडतो, "म्हणून उद्याही करेल." हे 'म्हणून' आणलं कुठून?

ह्यूम म्हणतो, ते आणायच्या वाटा दोनच. एक शुद्ध तर्काची. दोन अधिक दोन पाच होतात असं म्हटलं की विसंगती उभी राहते, म्हणून ते तर्काने बाद होतं. "उद्या पाव विषासारखा बाधेल" या वाक्यात तशी विसंगती नाही. ते खोटं ठरेल असं आपल्याला वाटतं, पण ते चित्र डोळ्यांसमोर आणता येतं. तर्क त्याला अडवत नाही.

दुसरी वाट अनुभवाची. निसर्ग आजवर एकसारखा वागत आलाय, म्हणून पुढेही तसाच वागेल. पण आजवर झालं ते पुढेही होईल, हेच तर सिद्ध करायचं होतं! ज्याच्यावर आरोप आहे त्यालाच जामीन म्हणून उभं केल्यासारखं हे झालं. कुणी म्हणेल, खात्री नसेना का, निदान संभव तरी आहे ना? तोही सुटत नाही. अमुक गोष्ट जास्त संभवते असं आपण म्हणतो, तेव्हा मागच्या नोंदींवरूनच म्हणतो. आणि मागच्या नोंदी पुढच्या दिवसांना लागू पडतात हे तिथेही गृहीत धरलेलंच असतं.

हा युक्तिवाद पहिल्यांदा वाचला की वाटतं, कुठेतरी शब्दांची चलाखी असणार. तशी ती नाही. मी तो जितक्या वेळा उलटसुलट करून पाहिलाय, तितका तो घट्टच वाटत गेलाय.

ह्यूम १७११ साली एडिंबरात जन्मला. विशीत फ्रान्समधल्या ला फ्लेश या लहानशा गावी जाऊन राहिला. त्याच गावच्या जेझुइट शाळेत शंभरेक वर्षांपूर्वी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त शिकला होता. तिथे लिहिलेला 'अ ट्रीटाइज ऑफ ह्युमन नेचर' हा ग्रंथ १७३९ साली छापून आला तेव्हा ह्यूम सत्तावीस वर्षांचा होता. ग्रंथाची फारशी दखल कुणी घेतली नाही. छापखान्यातून तो मृतच बाहेर पडला, असं त्याने स्वतःच पुढे लिहिलं. म्हणून तोच विचार त्याने १७४८ साली सुटसुटीत करून पुन्हा मांडला. मधल्या काळात, १७४५ मध्ये, एडिंबरा विद्यापीठातलं प्राध्यापकपद त्याच्या हातून गेलं, आणि त्याला कारण त्याच्यावर बसलेला संशयवादाचा आणि नास्तिकतेचा शिक्का.

शंका घेणारा तो काही पहिला नव्हता. ग्रीसमध्ये पिरो नावाचा संशयवादी होऊन गेला. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर तो हिंदुस्थानापर्यंत आला होता आणि इथल्या दिगंबर साधूंना भेटला होता, असं त्याचे जुने चरित्रकार सांगतात. त्याच्या परंपरेतल्या संशयवाद्यांनी एक सापळा तयार केला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या सेक्स्टस एम्पिरिकस या वैद्याने तो लिहून ठेवला. तुम्ही काहीही सांगा, मी विचारणार, कशावरून? तुम्ही कारण द्याल, त्याचंही कशावरून? हे एक तर अखंड चालत राहील, किंवा तुम्ही फिरून पहिल्याच विधानावर याल, किंवा कुठेतरी "हे असंच आहे" म्हणून थांबाल. तिन्ही ठिकाणी पुरावा संपलेला असतो. देकार्तने १६४१ साली शंका आणखी ताणली: आत्ता मी स्वप्नात नाही कशावरून? एखादी बलाढ्य दुष्ट शक्ती मला सतत फसवत नाही कशावरून?

आपल्याकडे चार्वाकांनी अनुमानालाच, म्हणजे दिसणाऱ्यावरून न दिसणारं ओळखण्यालाच, हात घातला होता. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे दोघांची न चुकणारी जोडी, तुम्ही कशी मिळवलीत? जगातला प्रत्येक धूर काही पाहिलेला नाही. भूतकाळातला आणि भविष्यातला तर पाहताच येत नाही. मग 'जिथे-जिथे' हा शब्द कोणत्या हक्काने वापरता? ह्यूमच्या कितीतरी शतकं आधीचा हा प्रश्न जवळपास त्याचाच आहे. साधारण बाराशे वर्षांपूर्वीचा जयराशी भट्ट आणखी पुढे गेला. त्याने प्रत्यक्षासकट एकेक प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवायचं साधन, मोडीत काढलं. त्याच्या 'तत्त्वोपप्लवसिंह' या ग्रंथाची ताडपत्रावरची पोथी १९२६ साली गुजरातेत पाटणच्या भांडारात सापडली आणि १९४० साली बडोद्याहून छापली गेली. त्याआधी हा ग्रंथ फक्त इतरांच्या उल्लेखांतून माहीत होता.

मग ह्यूमचं वेगळेपण कशात? त्याने दुसरा प्रश्न विचारला. तर्क हा विश्वास देत नाही हे ठरलं. पण विश्वास तर आपल्या सगळ्यांकडे आहे, आणि चांगला पक्का आहे. तो दिला कुणी?

त्याचं उत्तर आहे: सवयीने, आणि सवय लागावी अशा घडणीचं मन देणाऱ्या निसर्गाने. मेणबत्तीच्या ज्योतीने एकदा बोट भाजलेलं मूल पुन्हा ज्योतीजवळ बोट नेत नाही. त्या मुलाने निसर्गाच्या एकरूपतेचा सिद्धांत मांडलेला नसतो. मांडायला सांगितला तर मोठ्या पंडितालाही जमणार नाही, हे आपण वर पाहिलंच. म्हणजे ज्ञानाच्या पायाशी युक्तिवाद आहे असं धरलं, तर मुलाकडे ज्ञान असण्याचं कारणच नाही. तरी ते आहे. ह्यूम प्राण्यांवर एक वेगळं प्रकरण लिहितो. त्यातला म्हातारा शिकारी कुत्रा दमवणारी धावाधाव तरुण कुत्र्यांवर सोडतो आणि ससा वळून जिथे येणार तिथे स्वतः जाऊन उभा राहतो. अनुभवावरून पुढचं ओळखणं हेच ते. निसर्गाने माणसाला श्वास घ्यायला आणि सुखदुःख अनुभवायला जसं भाग पाडलंय तसंच निष्कर्ष काढायलाही भाग पाडलंय, असं ह्यूम म्हणतो. श्वास घेण्यासाठी कुणी कारणं शोधत बसत नाही.

इथे मला दरवेळी ब्रह्मसूत्रभाष्याची प्रस्तावना आठवते. शंकराचार्य तिथे म्हणतात की प्रत्यक्ष वगैरे प्रमाणांचा व्यवहार माणसांत आणि पशूंत वेगळा नाही. काठी उगारलेला माणूस समोरून आला की 'हा मला मारणार' असं समजून जनावर पळू लागतं. हातात हिरवा चारा घेतलेला माणूस दिसला की त्याच्याकडे तोंड वळवतं. विद्वान माणूससुद्धा तलवार उगारून ओरडत येणाऱ्या धिप्पाड माणसापासून मागे हटतो आणि तसं नसलेल्याकडे जातो. गोठ्यात वावरलेल्या कुणालाही हे निरीक्षण किती अचूक आहे ते सांगावं लागणार नाही: चाऱ्याची पेंढी दिसताच गाय हंबरते, दावं ताणते. आचार्यांचा रोख अर्थातच वेगळा आहे. 'मी म्हणजे हे शरीर' हा अध्यास, म्हणजे चुकीची समजूत, सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी आहे, आणि तो विचारपूर्वक स्वीकारलेला नाही, हे त्यांना दाखवायचंय. तो ओलांडून जायचंय. ह्यूमला ओलांडायचं काही नाही. पण दोघांनीही एकाच जागी बोट ठेवलंय, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपला रोजचा व्यवहार शास्त्रार्थाच्या आधी सुरू होतो, आणि जनावरांबरोबर सुरू होतो.

शंका खरी आणि तिच्यावर जगणं अशक्य, या दोन्ही गोष्टी एकदम मान्य करायच्या, हे ह्यूमचं धाडस. पहिल्या ग्रंथात तो सांगतो की या विचारांनी मन काळवंडून जातं, आपण कुठे आहोत तेच कळेनासं होतं. मग तो मित्रांबरोबर जेवतो, सोंगट्यांचा डाव टाकतो, गप्पा मारतो; तीन-चार तासांनी परत येऊन तेच विचार पाहतो तर ते थंड, ओढूनताणून आणलेले आणि हास्यास्पद वाटतात. या परिच्छेदात काही जणांना पळवाट दिसते. मला त्यात प्रामाणिक नोंद दिसते. शंकेचं खंडन झालेलं नाही हे तो लपवत नाही; निसर्गाने तिला बाजूला सारलं, एवढंच तो सांगतो.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, हीच गोष्ट प्रतिपक्षाविरुद्ध हत्यार म्हणून वापरली. उदयनाचार्य म्हणतात, 'व्याघातावधिराशङ्का': शंकेला सीमा आहे, आणि ती सीमा म्हणजे तुमच्याच वागण्याशी येणारा विरोध. पुढे चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ते उघड करून सांगितलं. धुराचं कारण अग्नी आहे याची तुला शंका आहे ना? मग धूर हवा असला की न चुकता अग्नीच का पेटवतोस? तृप्तीसाठी भोजनच का करतोस? दुसऱ्याला काही कळावं म्हणून शब्दच का वापरतोस? वादात समोरच्याला गप्प करणारा हा मुद्दा आहे. पण मधे, बाराव्या शतकात, वेदान्ती श्रीहर्षाने उदयनाचाच श्लोक दोन-चार शब्द फिरवून परत फेकला होता: विरोध आहे म्हणता ना? विरोध शंकेचा आणि वागण्याचा. म्हणजे विरोध मान्य केलात तर शंकाही मान्य केलीत.

माझं मत असं: तर्कापुरता श्रीहर्ष जिंकतो. मी अग्नी पेटवतो यावरून माझा विश्वास सिद्ध होतो, अग्नी आणि धुराचा संबंध सिद्ध होत नाही. पण शंका किती जणांच्या मनात खरोखर असते आणि किती जणांच्या फक्त तोंडी, हे पाहायचं तर गंगेशाची कसोटी लावावी. पिरोबद्दलही अशाच गोष्टी होत्या: तो गाड्यांपासून, कड्यांपासून बाजूला होत नसे, आणि मित्रांना त्याला सांभाळावं लागे. दुसऱ्या बाजूने लगेच सांगितलं गेलं की असं काही नव्हतं, तो नीट वागत असे आणि नव्वदीच्या आसपास जगला. मला दुसरी बाजू पटते. सेक्स्टसनेही लिहून ठेवलंय की संशयवादी निसर्गाच्या ओढीने, भुकेतहानेच्या सक्तीने, समाजाच्या रीतीने आणि शिकलेल्या कलेने चालतो. तो फक्त "हेच अंतिम सत्य" असं म्हणत नाही.

ह्यूमच्याच काळात थॉमस रीड या स्कॉटिश विचारवंताने त्याला तोडीस तोड उत्तर दिलं. १७६४ च्या त्याच्या ग्रंथातला प्रश्न असा: इंद्रियांवर शंका घ्यायला तुम्ही बुद्धी वापरता. बुद्धीवर मात्र शंका घेत नाही, ते का? दोन्ही एकाच दुकानातून आल्या आहेत. दुकानदाराने एक माल खोटा दिला असेल, तर दुसरा खरा दिला कशावरून? म्हणून रीड म्हणतो, इंद्रियं, स्मृती, बुद्धी या सगळ्यांवरचा मूळ विश्वास एकत्रच स्वीकारावा लागतो. पुढच्या पिढीतल्या थॉमस ब्राउनने या दोघांचं भांडण नेमकं पकडलं. तो म्हणाला, रीड ओरडून सांगतो की बाहेरच्या जगावर विश्वास ठेवलाच पाहिजे, आणि हळूच म्हणतो की त्याला कारण देता येत नाही. ह्यूम ओरडून सांगतो की कारण देता येत नाही, आणि हळूच कबूल करतो की विश्वास सुटत नाही.

आता खरी अडचण. पाया उपजत आहे, सिद्ध केलेला नाही, असं म्हटलं की लगेच कुणीतरी उठतं: "मग विज्ञानही श्रद्धाच की! तुमची तुमच्यापाशी, माझी माझ्यापाशी." अंगारेधुपारे विकणाऱ्यांपासून लसींविरुद्ध अफवा पसरवणाऱ्यांपर्यंत सगळे या वाटेने येतात. मला याचा मनापासून राग येतो, कारण एका खोल विचाराचा तो सरळ गैरवापर आहे.

ह्यूमने हे आधीच ओळखलं होतं. अंधारात माणसाचा आवाज ऐकून 'जवळ कुणीतरी आहे' असं म्हणणारा, आणि अंधारात उगाच भुताच्या भीतीने गांजलेला, या दोघांची तो तुलना करतो. दोघांचंही मन नैसर्गिकपणेच चाललंय. पण दुसऱ्याचं नैसर्गिक हे रोग नैसर्गिक असतो त्या अर्थाने. मनाची काही तत्त्वं कायमची, टाळता न येणारी, सर्वांमध्ये सारखी असतात. ती काढली तर माणूस तत्काळ मोडून पडेल. अनुभवावरून पुढचं ओळखणं, कारणावरून परिणामाकडे जाणं, ही त्यातली. बाकीची दुबळी, बदलती, कुणात असलेली कुणात नसलेली. त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. भुताची भीती त्यातली.

यातून निघणारी गोष्ट अशी की पहिल्या प्रकारचा पाया सगळ्यांचा एकच आहे. अंगारा देणारा बाबाही रस्ता ओलांडताना गाडीचा वेग पाहतो आणि पैसे मोजून घेतो. लसीवर शंका घेणारा माणूस ज्या बातमीवर विश्वास ठेवतो ती तो डोळ्यांनीच वाचतो, आणि 'अमक्याला टोचल्यावर असं झालं' हे कारणपरिणामाचं अनुमानच असतं, फक्त घाईचं आणि न तपासलेलं. म्हणजे जो पाया तो आमच्या बाजूला 'श्रद्धा' म्हणून दाखवतो त्यावर तोही उभा आहे, आणि वर एक मजला जास्तीचा चढवतोय. त्या जास्तीच्या मजल्याचा हिशोब मागायचा हक्क आपल्याला पूर्ण आहे. पायाला पुरावा देता येत नाही, यावरून त्यावर बांधलेल्या कशालाच पुरावा लागत नाही असं होत नाही. ह्यूम स्वतः म्हणे की शहाण्याने आपला विश्वास पुराव्याच्या प्रमाणात ठेवावा. घाईची सवय जास्त व्यापक, जास्त तपासलेल्या सवयीने दुरुस्त करता येते. विज्ञान दुसरं काय करतं?

ह्यूमचं एका बाबतीत मात्र चुकलं, असं विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी दाखवलं. मन कोणत्याही दोन गोष्टींची सांगड सारख्याच सहजतेने घालतं, वारंवार एकत्र दिसल्या की झालं, असं त्याच्या मांडणीवरून वाटतं. १९६६ साली जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी उंदरांना गोड चवीचं पाणी दिलं, आणि उंदीर ते चाटू लागला की दिवा लुकलुकायचा, टकटक आवाज यायचा. म्हणजे चव, उजेड आणि आवाज तिन्ही एकत्र. नंतर काही उंदरांना किरणोत्साराने आजारी पाडलं, काहींना विजेचा झटका दिला. मग दोन प्रकारचं पाणी वेगवेगळं देऊन तपासलं: एक नुसतं गोड, दुसरं नुसतं दिवा-आवाजवालं. आजारी पडलेल्या उंदरांनी गोड पाणी टाळलं, दिव्याला ते घाबरले नाहीत. झटका बसलेल्यांनी उलट केलं. अनुभव सारखा, पण पोटाच्या दुखण्याचा संशय चवीवर आणि अंगाच्या वेदनेचा संशय दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टींवर. कशाचा संशय कशावर घ्यायचा, हे उंदीर जन्मतःच बऱ्याच अंशी घेऊन आलेला असतो.

एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांचा १९६० चा प्रयोगही याच जातीचा. जाड काच, एका बाजूला तिच्या लगेच खाली चौकटीचं कापड, दुसऱ्या बाजूला तेच कापड खोल खाली. मधल्या फळीवर रांगतं मूल. बहुतेक मुलं आईने बोलावूनही खोल दिसणाऱ्या काचेवर गेली नाहीत. रांगणारं मूल काही महिन्यांचं असतं, तोवर ते हे शिकलं असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण एका दिवसाच्या करडानेही त्या बाजूला पाय टाकला नाही.

मग उत्क्रांतीने ह्यूमचा प्रश्न सोडवला का? विलार्ड क्वाइन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६९ साली लिहिलं की ज्यांची अनुमानं सदैव चुकतात ते प्राणी वंश वाढण्याआधीच मरून जातात. म्हणजे आपण उरलो, याचा अर्थ आपल्या उपजत अपेक्षा जगाशी बऱ्यापैकी जुळतात. पण उत्क्रांतीचा सिद्धांत जीवाश्मांवरून, प्राण्यांच्या निरीक्षणांवरून, म्हणजे अनुमानानेच उभा राहिलाय. अनुमानाचा जामीन म्हणून त्याला पुढे करता येत नाही. क्वाइनला हे माहीत होतं. जगाबाहेर उभं राहून ज्ञानाला पाया देण्याची अपेक्षाच सोडून द्यावी, आणि आपण कसे जाणतो हे विज्ञानाच्याच साधनांनी तपासावं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं, एका पुस्तीसह. निवड टिकून राहण्यासाठी होते, सत्यासाठी नाही. उंदराचा चवीवरचा संशय त्याला विषापासून वाचवतो, पण आजार किरणोत्साराने आला असेल तर तो निरपराध पाण्यावरच जातो. माणसाचंही तेच होतं: तापाच्या आदल्या रात्री खाल्लेला पदार्थ पुढे वर्षानुवर्षं नकोसा वाटतो, आणि ताप व्हायरसचा होता हे डॉक्टरांनी सांगूनही तो घास घशाखाली उतरत नाही.

अणूच्या आतलं जग, आकाशगंगांमधली अंतरं, लाखो लोकांमध्ये एखाद्या औषधाचा परिणाम, यांच्यासाठी आपली उपजत समज घडलेलीच नाही. तिथे मोजमाप, गणित, तुलनेसाठी ठेवलेला औषध न दिलेला गट आणि दुसऱ्याने पुन्हा करून पाहिलेला प्रयोग, एवढीच साधनं आपल्या हाती आहेत.